यंत्राची हजेरी

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या मनात वैरागडचा किल्ला असणार, किंवा मार्कंड्याची देवळे असणार. गडचिरोलीकडच्या माणसाने इतिहासावर लिहायचे म्हणजे दुसरे काय लिहायचे? परंतु मला जो इतिहास सांगायचा आहे तो किल्ल्याइतका जुना नाही आणि देवळाइतका देखणाही नाही. तो वीतभर लांबीच्या एका हिरव्या पाटीचा इतिहास आहे. संगणकाच्या पोटात बसवायची ही पाटी; बाजारात तिला नुसते कार्ड म्हणतात. असे एक कार्ड २००८ सालच्या श्रावणात आमच्या कुरखेड्याच्या एका घरात एकाएकी मुके झाले. संगणक त्याला ओळख देईना. आणि त्या न दिलेल्या ओळखीपायी एका म्हाताऱ्या माणसाची चार वर्षांची मेहनत आमच्या डोळ्यांदेखत परक्या लिपीत बुडून गेली.

ते घर आमच्या मोठ्या गुरुजींचे. गावात त्यांना सगळे असेच म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांच्याच हातची छडी खाल्ली आणि पुढे मास्तर झालो तोही त्यांच्याच आग्रहामुळे. निवृत्त झाल्यावर कोणी भजनाला लागतो, कोणी कोर्टकचेरीला. गुरुजी शब्दांच्या मागे लागले. शब्दही कुठले, तर धानाच्या शेतीतले. बांधी, बोडी, आवत्या, पऱ्हे, रोवणी, कडपा, पुंजणे. सती नदीच्या अलीकडच्या गावात एक अर्थ, पलीकडच्या गावात दुसरा. गुरुजी सायकलवरून जाऊन दोन्ही टिपून आणीत. चिठ्ठ्यांनी दोन कोठ्या भरल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की हे कागद आपल्यापेक्षा वाळवीच्याच अधिक उपयोगी पडणार. म्हणून १९९६ साली नागपूरला जाऊन त्यांनी एक वापरलेला संगणक विकत आणला. त्यात देवनागरी दाखवणारे कार्ड आधीच बसवलेले होते. साठी उलटलेला तो माणूस चार वर्षे रोज सकाळी आंघोळ करून यंत्रापुढे बसे आणि एका बोटाने शब्द टंकित करी. वाळवीने पुढे आपले काम केलेच. फ्लॉप्यांवर नकला होत्या, त्यांना बुरशीने खाल्ले. उरला तो यंत्राच्या पोटातला एकमेव संग्रह.

"अरे, पाह्य बरं जरा," गुरुजींनी मला बोलावून सांगितले, "माझी मराठी गेली."

मी पाहिले. यंत्र सुरू होत होते, इंग्रजी अक्षरे नीट उमटत होती. पण संग्रहाची फाईल उघडली की पडद्यावर टोप्या घातलेले इ, दोन टिंबांचे यू, ग्रीक अक्षरे असा सगळा परदेशी मेळा भरलेला. एक अक्षर वाचता येईल तर शपथ!

वाचकांना हा मेळा कुठून आला ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यातच या कार्डाचा जन्म आहे. आयबीएम कंपनीचा पीसी, ज्याच्या वंशात आपल्या घरोघरचे संगणक येतात, तो १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत बाजारात आला. त्याच्या अक्षरांच्या वाड्यात खोल्या २५६. पहिल्या १२८ खोल्यांत इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे नांदत होती. उरलेल्या १२८ खोल्या आयबीएमने युरोपातल्या पाहुण्यांना दिल्या : फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अक्षरे, चौकटी आखायच्या रेघा आणि काही ग्रीक मंडळी. देवनागरीचा विचार कोणी केला नव्हता, आणि का करावा? वाडा त्यांचा होता.

आपल्याकडच्या लोकांनी युक्ती अशी केली, की वरच्या त्या खोल्यांतून युरोपातल्या बऱ्याच पाहुण्यांना उठवून तिथे अ, आ, क, ख यांना बसवले. इंग्रजी जागच्या जागी राहिली आणि शेजारी मराठी आली. परंतु पडद्यावर चित्र कोण काढणार? खोलीचा क्रमांक वाचून यंत्र आपल्या सवयीने टोपीवालेच काढणार. शिवाय आपली लिपी एका ओळीत मुकाट्याने उभी राहणारी नव्हे. ऱ्हस्व इ मागून उच्चारायची आणि पुढे काढायची; रफार आधी म्हणायचा आणि नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा; क आणि ष एकत्र आले की दोघांची ओळख पुसून तिसरेच अक्षर उभे राहते. हे सारे यंत्राला त्या काळी झेपण्यासारखे नव्हते. म्हणून एक वेगळा कारकून नेमावा लागला. तोच हा हिरवा कार्डवाला. यंत्राच्या स्लॉटमध्ये बसून तो वरच्या खोल्यांतले क्रमांक वाची, त्यांची जोडाक्षरे बांधी आणि पडद्यावर देवनागरी काढी.

या जातीच्या कार्डांत सर्वांत गाजले ते 'जिस्ट'. त्याचे मूळ कानपूरच्या आयआयटीत. तिथे प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी संगणकाचे काम चालले होते आणि १९८३ साली दिल्लीला भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्याचा नमुना लोकांना दाखवण्यात आला. या कामात मोहन तांबे यांचा वाटा मोठा. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, तिची धुरा आपल्या वऱ्हाडातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांकडे आली. लोकांना सी-डॅक म्हटले की १९९१ चा 'परम' महासंगणक आठवतो आणि ते योग्यच आहे. तथापि माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला विचाराल तर त्याच संस्थेत येऊन वाढलेले जिस्ट मला तितकेच मोलाचे वाटते. महासंगणक थोड्यांनी पाहिला. जिस्टमुळे मात्र कचेरीतल्या साध्या कारकुनाला डीबेस, लोटस, वर्डस्टार असले इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम मराठीत वापरता येऊ लागले, आणि त्या कार्यक्रमांना आपण मराठी झालो याचा पत्ताही नसे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली होती खरी. पण कचेरीत संगणक आला की कायदा भिंतीवर आणि इंग्रजी टेबलावर, अशी स्थिती होण्याचा धोका होता. तो टाळण्यात या वीतभर पाटीचा हात आहे.

खोल्यांची वाटणी कोणी कशीही केली असती तर एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता आले नसते. म्हणून तिचेही प्रमाण ठरले. त्याला इस्की म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. एकच वाटणी बंगालीपासून मल्याळमपर्यंत चालावी, अशी ती मोठ्या धोरणाने आखलेली आहे. क म्हणजे क. तो कोणत्या लिपीत काढायचा ते कार्डाने पाहावे. कळफलकही असाच एक झाला, इनस्क्रिप्ट नावाचा : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि मराठीची एक खोड त्यात आठवणीने सांभाळली आहे, हे मला फार सुखाचे वाटते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ती पापणीसारखी वाकडी रेघ. हा भेद हिंदीला लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो. इस्कीत या दुसऱ्या ऱ ला स्वतंत्र खोली आहे आणि इनस्क्रिप्टवर त्याची कळही आहे : शिफ्ट दाबून जे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता गुरुजींच्या यंत्राकडे वळतो. गावात संगणकाचा वर्ग चालवणारा एक तरुण होता. तो आला, डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे यंत्र भंगारात द्या जी. नवीन घेऊन टाका." नवीन घ्यायला हरकत नव्हती, पण नव्या यंत्रात हे कार्ड बसणार कुठे? जुन्या घडणीचे स्लॉट २००० सालाच्या सुमारासच नव्या मदरबोर्डांवरून नाहीसे होऊ लागले होते. हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली असती तर फाईल हाती आली असती, परंतु तीही टोपीवाल्यांच्या लिपीत. जाणकाराने ते क्रमांक नव्या लिपीत बदलून दिले असते हे आज मला कळते. त्या दिवशी आमच्यापुढे एकच वाट होती : या कार्डाची आणि या यंत्राची पुन्हा ओळख करून देणे.

माझे विज्ञान मॅट्रिकच्या वर्गापलीकडे गेलेले नाही. संगणकाचे म्हणाल तर एमएस-सीआयटीच्या परीक्षेपुरते. तरी गुरुजींना नाही म्हणणे शक्य नव्हते. मी नागपूरहून जुनी पुस्तके मागवली, कोशाच्या साह्याने वाचली, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की आपण रोज सकाळी वर्गात जे करतो तेच हे यंत्रही करीत असते. ते हजेरी घेते.

यंत्राला डोळे नाहीत. स्लॉटमध्ये कार्ड खुपसले म्हणजे ते त्याला दिसत नाही. पहिल्या पीसीला तर स्वतःच्या पोटात काय आहे हेदेखील माणसानेच सांगायचे असे. मदरबोर्डवर छोटी बटणे असत. स्मृती किती, फ्लॉपीची यंत्रे किती, पडदा कोणत्या जातीचा, हे ती वरखाली करून कळवायचे. पुढे आयबीएमने खरी हजेरी सुरू केली. यंत्र चालू झाले की ते स्मृतीच्या एका ठराविक गल्लीतून निघते आणि दर २०४८ घरांनी थांबून दारावरची खूण वाचते. खूण ठरलेली : ०१०१०१०१ आणि लगेच पुढे १०१०१०१०. ही खूण सापडली तर इथे कोणी राहते असे समजायचे. पण तेवढ्यावर भागत नाही. त्या घरातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आणि ती २५६ ने निःशेष भागली गेली तरच आतल्या माणसावर विश्वास ठेवायचा. एक आकडा बिघडला की यंत्र पुढच्या दारी. आमच्या शाळेत इतकी कडक हजेरी घेतली तर पटावर किती मुले उरतील कोण जाणे!

या हजेरीच्या पायी आरंभीच एक घोटाळा होऊन गेला आहे. १९८१ च्या पहिल्या पीसीत ती नव्हतीच. आयबीएमने ती २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या बायोसमध्ये घातली. ज्यांनी आधी यंत्र घेतले होते त्यांनी पुढे हौसेने हार्ड डिस्कचे कार्ड आणून बसवले, तर यंत्र त्याची दखलच घेईना. कार्ड बदलले, तारा बदलल्या, सारे व्यर्थ. मुलगा हजर होता. गुरुजींनीच हजेरी घेतली नव्हती. मदरबोर्डवरची बायोसची चिप बदलल्यावाचून त्याला इलाज नव्हता.

सगळीच कार्डे अशा रीतीने सापडत नाहीत. पुष्कळ कार्डांना यंत्र आपण होऊन विचारत नाही. त्यांच्यासाठी लिहिलेला कार्यक्रम एका ठराविक दारावर जाऊन हाक मारतो. कार्डाने त्या दारामागे असलेच पाहिजे. शिवाय कार्डाला काही सांगायचे झाले तर त्याने कोणत्या क्रमांकाची घंटा वाजवायची तेही आधी ठरवावे लागे. पहिल्या पीसीत अशा घंटा आठच, शून्य ते सात. शून्य घड्याळाची, एक कळफलकाची, चार पहिल्या सीरियल दाराची, तीन दुसऱ्याची, सहा फ्लॉपीची, सात प्रिंटरची. हार्ड डिस्क आली तिने पाच घेतली. १९८४ च्या एटी यंत्रात आणखी आठ घंटा वाढवल्या, पण त्या जोडण्यात दोन क्रमांकाची खर्ची पडली. आता नवे कार्ड आणणाऱ्याने काय करावे? कार्डावर छोट्या छोट्या टोप्या असत, त्यांना जंपर म्हणतात. त्या या सळईवरून त्या सळईवर घालून रिकामा क्रमांक निवडावा. दोन कार्डांना एकच क्रमांक गेला की वर्गात एकाच क्रमांकाची दोन मुले एकदम 'हजर' म्हणून ओरडल्यासारखे होई. मास्तरांना एकही धड ऐकू येत नसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून संगणक तयार करणारी जी कारागीर मंडळी नव्वदीच्या दशकात नावाला चढली, त्यांचे निम्मे कसब या टोप्यांत होते. कोणत्या यंत्रात कोणता क्रमांक मोकळा आहे, हे त्यांना पाठ असे.

हे वाचून झाल्यावर माझा संशय सहाजिकच दुसऱ्या एका कार्डावर गेला. गुरुजींच्या पुतण्याने २००२ साली त्या यंत्रात टेलिफोनचे मोडेम बसवले होते. घरातला आगंतुक तोच. चोरी झाली की संशय त्याच्यावर! मी एक पूर्ण रविवार त्याच्या टोप्या हलवण्यात घालवला, शेवटी ते काढूनच टाकले. पडद्यावर टोपीवाले जसेच्या तसे. दिव्याखाली बसून विचार केला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. सहा वर्षे दोन्ही कार्डे शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होती. मग एकाएकी भांडतील कशाला? बिघाड शोधणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो 'दोष कोणाचा' हा नव्हे. 'अलीकडे काय बदलले' हा. मी तो विचारला, आणि उत्तर दिले, "पाऊस." दुसरेही एक उत्तर होते, पण ते त्या रात्री मला सुचले नाही.

पाऊस म्हणजे आमच्याकडे नुसता पाऊस नव्हे. श्रावणात पापड हवेवर ठेवला तर तासाभरात त्याचा चामड्याचा तुकडा होतो. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. जुन्या लहान स्लॉटला ते दोन्ही बाजू मिळून ६२, मोठ्याला ९८. दातावरचा सोन्याचा मुलामा केसाहूनही पातळ. तो जिथे झिजतो तिथे खालचा धातू दमट हवेत काळवंडतो, आणि मग स्लॉटमधली पट्टी दाताला टेकलेली दिसते खरी, पण दोघांचे बोलणे बंद. ६२ पैकी एकाने जरी असा अबोला धरला तरी पत्ता चुकतो आणि यंत्र भलत्याच दारावर हाक मारून परत फिरते.

यावरचा उपाय शाळामास्तराच्या खिशातच असतो. यंत्र बंद केले, वायर भिंतीतून उपसून काढली, अंगातली वीज निघून जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला, पेचकसाने स्क्रू काढला आणि कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर ओढले. दातांवर हिरवट काळी झाक होतीच. स्वच्छ पांढरे खोडरबर घेऊन मी ते दात हलक्या हाताने पुसले. हलक्या हाताने अशासाठी, की जोर केला तर मळाबरोबर सोनेही जाते. रबराचा चुरा अंगणात जाऊन झटकला. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारण्याचा मोह आवरला, कारण फुंकरीत थुंकी असते आणि आगीतून फुफाट्यात पडायला तेवढी पुरे. चित्रकलेच्या वर्गातला कोरडा ब्रश फिरवला. कार्ड पुन्हा बसवले, यंत्र सुरू केले.

आणि देवनागरी आली! गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले. मी मोठ्या ऐटीत यंत्र बंद केले, स्क्रू आवळला, डबा मिटला, पुन्हा कळ दाबली. पडद्यावर टोपीवाले हजर.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला शाळेपासून ठाऊक आहे.

इथे जरा थांबून पुढचा इतिहास सांगून टाकतो, कारण मीही त्या रात्री घरी जाऊन तोच वाचीत बसलो होतो. टोप्यांच्या या जाचाला मोठमोठे लोकही कंटाळले होते. आयबीएमने १९८७ मध्ये नवी घडण काढली. तिच्यात टोप्या नव्हत्या, प्रत्येक कार्ड आपला ओळखक्रमांक बरोबर आणी. पण त्यासोबत आलेली फ्लॉपी हरवली की ओळख संपली, आणि ती घडण वापरायला आयबीएमची परवानगी लागे. इतर कारखानदारांनी १९८८ मध्ये आपली वेगळी चूल मांडली. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणले, ते मात्र टिकले. त्याची हजेरी मला सर्वांत आवडते. यंत्र प्रत्येक जागेला क्रमाने विचारते, "तुझा कर्ता कोण?" तिथे कार्ड असेल तर ते कारखान्याचा क्रमांक सांगते, इंटेलने स्वतःला ८०८६ घेतला आहे, आपल्या जुन्या नामांकित चिपची आठवण म्हणून. आणि तिथे कोणीच नसेल तर? यंत्राला सोळाच्या सोळा जागी एक असलेले उत्तर ऐकू येते. हा क्रमांक कोणालाच दिलेला नाही. तो रिकाम्या बाकाचा क्रमांक. हिशेबात शांततेलाही आकडा असावा, ही कल्पना मला एखाद्या कादंबरीत घालावीशी वाटते.

जुन्या स्लॉटसाठीही १९९३ मध्ये एक तोड निघाली. प्रत्येक कार्डाला जगावेगळा लांबलचक क्रमांक द्यायचा. हजेरीच्या वेळी सगळी कार्डे एकदम उभी राहतात, आपापल्या क्रमांकाचा एकेक अंक मनात म्हणतात. ज्याचा अंक एक असेल त्याने बोलायचे, ज्याचा शून्य असेल त्याने ऐकायचे, आणि दुसरा बोललेला ऐकू आला तर त्या फेरीपुरते खाली बसायचे. शेवटी एकच उभा राहतो. त्याला जागा नेमून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संगीतखुर्चीच की! बोलायची खूण तीच जुनी, ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले ते हीच प्रौढी मिरवीत : कार्ड खुपसा आणि कामाला लागा. लोक थट्टेने म्हणू लागले, कार्ड खुपसा आणि देवाचे नाव घ्या. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्याने नव्या विंडोजची ही ओळखशक्ती दाखवण्यासाठी एक स्कॅनर जोडला. आणि भरसभेत पडदा निळा पडून यंत्र बसले. सभा हसली, गेट्सही हसले. मीही त्या रात्री हसलो. दुःखात सोबत असली की बरे वाटते.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी मला माझ्या प्रश्नाचे दुसरे उत्तर आठवले. अलीकडे काय बदलले? त्याच उन्हाळ्यात गुरुजींच्या यंत्रातली धूळ पुसायला डबा उघडला होता, तो मीच. पुसून झाल्यावर कार्डाचा स्क्रू हातात जोर असेल तितका आवळला होता, तोही मीच.

सकाळची शाळा आटोपून मी थेट तिकडे गेलो. कार्ड बसवले, स्क्रू लावलाच नाही. देवनागरी आली. मग डबा उघडा ठेवून, यंत्र बंद करून, स्क्रू हळूहळू फिरवला आणि डोळा स्लॉटच्या पातळीला नेऊन पाहत राहिलो. कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते, तिच्यातून स्क्रू जातो. ती पट्टी किंचित वाकडी होती. स्क्रू जसजसा बसत जाई तसतसे पट्टीकडचे टोक खाली दबे आणि दुसरे टोक स्लॉटमधून वर उचलले जाई. किती म्हणाल तर नखाच्या जाडीइतके. सगळ्यांत शेवटचे दोनचार दात अधांतरी. उन्हाळ्यात ते कसेबसे टेकलेले असणार. पावसाने त्यांच्यावर काजळी धरली आणि तेवढाही आधार सुटला. कार्ड निर्दोष, यंत्र निर्दोष, मोडेम बिचारे तर नाहक काढले गेले. दोष माझ्या मनगटाचा होता.

मी कार्ड काढले, पट्टी पकडीत धरून सरळ केली, पुन्हा बसवले आणि स्क्रू दोन बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच फिरवला. गुरुजींना खरे सांगायचे की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. मग सांगून टाकले. ते म्हणाले, "तू सहावीत होतास तेव्हाही दौतीचं बूच असंच आवळून फोडलं होतंस." एवढ्यावर प्रकरण मिटले.

या कार्डांचे युग तेव्हा संपलेलेच होते. जगातल्या सगळ्या लिप्यांना पुरेल एवढा मोठा वाडा, युनिकोड, १९९१ पासून बांधला जात होता. त्यातली देवनागरीची दालने इस्कीच्याच नकाशावरून आखलेली आहेत. विंडोज २००० पासून यंत्राला स्वतःच देवनागरी काढता येऊ लागली आणि स्लॉटमधल्या कारकुनाची नोकरी गेली. आज मुले मोबाईलवर मराठी लिहितात, त्यांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या दुपारी कुरखेड्यातल्या त्या खोलीत मराठीचा सगळा भार त्या ६२ दातांवर होता.

मी यंत्राची कळ दाबली. हजेरी झाली. गुरुजींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. फाईल उघडली आणि शब्द एकाखाली एक उभे राहिले. मी धूळ खात पडलेल्या प्रिंटरची फीत शोधायला उठलो, कारण आता एक क्षणही न दवडता सगळे कागदावर उतरवायचे होते. इतक्यात गुरुजींनी मला मनगटाला धरून थांबवले आणि पडद्यावर बोट ठेवले.

"हे काय लिहून ठेवलं मी? पर्हे? चार वर्षं हे असंच राह्यलं का? आधी हे दुरुस्त कर. छापायचं मग पाहू."

मी बसलो. ह च्या डोक्यावरचा रफार पुसला, शिफ्ट दाबून धरली आणि जे ची कळ शोधली.